शंका असेल तर कागद काढा : संरक्षणखर्चाचे आकडे घरबसल्या कसे तपासायचे

"डिफेन्समध्ये सगळे खातात" हे वाक्य बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळतं. त्याच ओट्यावर दुसरा कोणी ठासून सांगतो, "फौजेच्या पैशाबद्दल विचारायचंच नसतं." मला दोन्ही वाक्यांचा सारखाच राग येतो. पहिल्यात कोणी, कधी, किती खाल्लं याचा पत्ताच नसतो, त्यामुळे ज्याने खरोखर खाल्लं तो निवांत राहतो. दुसऱ्याने तर तोंडच बंद करून टाकलेलं असतं. आणि कागद दोघांनीही उघडलेला नसतो.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या खरेदी-हिशेब विभागात माझी सगळी नोकरी गेली. कोटेशनं, बिलं, आवक-जावक, ऑडिटची उत्तरं हेच रोजचं काम. त्यातून आलेली सवय आता सरकारी आकड्यांवर चालवते. आपल्याच गावात हवाईदलाची सी-२९५ ही मालवाहू विमानं बांधायचा कारखाना उभा राहिल्यापासून बडोद्यात हा विषय घरोघरी निघतो, आणि माहितीपेक्षा आवाजच मोठा असतो. ज्यांना शंका आहे, पण ती कुठे नेऊन तपासायची ते माहीत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हिशेबाचं शिक्षण लागत नाही. बेरीज-वजाबाकी आणि चिकाटी पुरते.

दावा आधी एका ओळीत उतरवा

व्हॉट्सॲपवर येतं, "सरकारने यंदा पावणेसात लाख कोटी शस्त्रांवर उडवले." हा मजकूर पुढे ढकलायच्या आधी वहीत चार गोष्टी लिहा: वर्ष कोणतं, रक्कम किती, कोणत्या खात्याखाली, आणि खर्च झालेली की ठरवलेली.

२०२५-२६ घ्या. संरक्षण मंत्रालयाची तरतूद ६,८१,२१० कोटी रुपये. यात नवी विमानं, जहाजं, तोफा, बांधकाम अशा भांडवली खर्चाला १,८०,००० कोटी. पगार, दाणागोटा, इंधन, दुरुस्ती हा महसुली खर्च ३,११,७३२ कोटी. निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी. उरलेले साधारण २८,७०० कोटी मंत्रालयाच्या नागरी बाजूचे. म्हणजे 'शस्त्रांवर' म्हणून जो आकडा फिरतो, त्यातला नव्या खरेदीचा वाटा पाव भागाहून थोडाच जास्त आहे. यावरून खर्च योग्य ठरत नाही आणि अयोग्यही ठरत नाही. पण तुमची शंका पेन्शनीवर आहे की खरेदीवर, हे तुम्हाला आता स्वतःला सांगावं लागतं.

हे आकडे अर्थसंकल्पाच्या सरकारी संकेतस्थळावर 'खर्चाचा अर्थसंकल्प' या भागात मिळतात. संरक्षणाच्या चार 'मागण्या', म्हणजे सरकार संसदेकडे खर्चाला मंजुरी मागतं ती पत्रकं, आहेत; २०२५-२६ मध्ये क्रमांक १९ ते २२. चारही फाइली उतरवून घ्या. दर वर्षी हेच क्रमांक राहतील असं नाही, म्हणून शीर्षक वाचूनच उघडा.

मग रकाने पाहा. गेल्या वर्षीचा अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज, आणि नव्या वर्षाचा अंदाज. २०२४-२५ मध्ये भांडवली खर्चाचा अंदाज १,७२,००० कोटी होता. सुधारित अंदाजात तो १,५९,५०० कोटींवर आला. म्हणजे साडेबारा हजार कोटी त्या वर्षात खर्च होणार नाहीत असं खुद्द सरकारनेच मानलं. आता पुढच्या वर्षीचे १,८०,००० कोटी पहिल्या आकड्याशी ताडले तर वाढ ४.६५ टक्के, दुसऱ्याशी ताडले तर जवळजवळ १३ टक्के. दोन्ही बातम्या खऱ्याच. कोणी कोणता आकडा पायाला धरला, ते बघितलं की सांगणाऱ्याची बाजूही कळते. माझ्या अनुभवात लोक सगळ्यात जास्त इथे फसतात, आणि सुशिक्षित लोक जास्त फसतात.

भागाकाराची घाई नको

आपल्या सी-२९५ चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये करार झाला: ५६ विमानं, २१,९३५ कोटी रुपये. सोळा स्पेनमधून तयार यायची, चाळीस बडोद्यात बांधायची. जुन्या ॲव्हरो विमानांच्या जागी ती येणार. ऑक्टोबर २०२४ मध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं आणि त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एकाने भागाकार करून दाखवला: "एका विमानाला ३९२ कोटी! बाजारात याच्या निम्म्यात मिळतं." भागाकार बरोबर होता. पण असल्या कराराच्या रकमेत नुसतं विमान नसतं. प्रशिक्षण, सुटे भाग, देखभालीची साधनं, नवी जुळणीची सोय, असं बरंच काही पोटात असतं. कोणत्या किमतीत काय काय धरलं आहे हे कळल्याशिवाय दोन किमती शेजारी ठेवू नका.

राफेल लढाऊ विमानांच्या वेळी सगळा देश याच खड्ड्यात पडला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे, आपल्या धुळ्याचे तेव्हाचे खासदार, यांनी लोकसभेत एका विमानाची किंमत साधारण ६७० कोटी सांगितली. दुसरीकडे ३६ विमानांच्या साधारण ५८,००० कोटींच्या कराराला ३६ ने भागून १,६०० कोटी काढले गेले. एक आकडा नुसत्या विमानाचा. दुसऱ्यात शस्त्रं, भारतासाठी केलेले खास बदल, सुटे भाग, देखभाल. दोन बाजू वर्षभर एकमेकींना खोटं म्हणत राहिल्या. विचारायला हवं होतं ते वेगळंच: त्या खास बदलांची किंमत कोणी, कशाच्या आधारावर मान्य केली?

लेखापरीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा

या कामात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा अहवाल. घटनेच्या कलम १५१ प्रमाणे केंद्राचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात आणि ते संसदेत मांडले जातात. मांडला गेला की तो जाहीर कागद झाला. संरक्षणाचे सगळेच अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर सापडत नाहीत. तिथे नसेल तर मांडल्याच्या दिवसाची वर्तमानपत्रं पाहा, आणि संसदेच्या संकेतस्थळावर लोकलेखा समिती (कॅगचे अहवाल तपासणारी खासदारांची समिती) व संरक्षणविषयक स्थायी समिती यांचे अहवाल पाहा. इंग्रजी जड वाटलं तर हिंदी प्रत मागा. आपल्याला हिंदी जमते, आणि सरकारी हिंदीतले निम्मे शब्द मराठीतलेच आहेत.

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. आधी सारांश. मग ज्या परिच्छेदाशी तुम्हाला कर्तव्य आहे तोच. त्यात तीन थर असतात: ऑडिटला काय आढळलं, मंत्रालयाने काय उत्तर दिलं, आणि ते उत्तर ऑडिटने मानलं का. बातमीत फक्त पहिला थर येतो. मी तिसऱ्या थरापासून सुरुवात करते. 'उत्तर स्वीकारार्ह नाही' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे पेन्सिलीने खूण करते. ज्या कारखान्यात मी ऑडिटची उत्तरं टाइप केली तिथे शिकलेली गोष्ट अशी, की उत्तर जितकं लांब तितका मुद्दा दुखरा.

आमच्या शेजारी ईएमई स्कूल या लष्कराच्या तांत्रिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. मी हे वाचत बसते हे त्यांना आवडत नसे. "वहिनी, तुम्ही फौजेवर संशय घेता." मी त्यांना सियाचिनच्या कपड्यांवरचा परिच्छेद वाचायला दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालातला. उंचावरच्या जवानांसाठी बर्फाच्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के निघाला होता. बुटांची खरेदी अडल्यामुळे असलेलेच बूट पुन्हा वापरायला लावले होते. सुभेदारांनी चष्मा वर सरकवून तो परिच्छेद दोनदा वाचला. मग मला 'स्केल' समजावून सांगितलं: प्रत्येक जवानाला कोणती वस्तू किती नग, किती मुदतीसाठी मिळायची हे कागदावर ठरलेलं असतं, आणि तुटवडा मोजतात तो त्या स्केलशी. हे मला ठाऊक नव्हतं, अहवालातही सरळ सांगितलेलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह आहे, की अहवाल एकट्याने वाचू नका. ज्याने तो माल वापरला आहे अशा माणसाला शेजारी बसवा. लष्कराने त्या वेळी परिस्थिती आता सुधारली आहे असं उत्तर दिलं होतं. तेही वहीत लिहा, आणि अहवाल कोणत्या काळाचा आहे ती तारीखही. ऑडिट नेहमी दोन-चार वर्षं मागचं सांगतं.

दारूगोळ्याच्या २०१७ च्या अहवालातही असंच. १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार सप्टेंबर २०१६ मध्ये दहा दिवसही पुरणार नाहीत इतकेच शिल्लक होते. तेव्हा खर्चावर शंका घेणारा फौजेच्या विरोधात असतो, हे मला पटत नाही. गोठणाऱ्या जवानाची बाजू सियाचिनच्या परिच्छेदात ऑडिटरनेच मांडली होती.

आणि हा आपल्याकडचा नवा चाळा नाही. बडोद्याचे दिवाण राहिलेले दादाभाई नौरोजी १८९५ साली नेमलेल्या वेल्बी आयोगावर बसले ते हिंदुस्थानच्या पैशातून किती लष्करी खर्च वसूल होतो, याचाच हिशेब मागायला. पुढे १९०९ मध्ये इथेच दिवाण असलेले रमेशचंद्र दत्तही त्याच हिशेबामागे लागलेले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली आणि १९०२ पासून कायदेमंडळातल्या अर्थसंकल्पाच्या भाषणांत सरकारचा शिलकीचा डौल सरकारच्याच आकड्यांनी उतरवला: दुष्काळात लोक पिचलेले असताना कर जास्त घेतल्यामुळेच शिल्लक पडते, हे दाखवून दिलं. मिठावरचा कर १९०३ मध्ये उतरला. त्यांच्यामागे आकडे काढून देणारे गणेश व्यंकटेश जोशी होते, हेडमास्तर. मला गोखल्यांइतकाच जोश्यांचा आदर वाटतो.

कंपनीचा लोभ कुठे दिसतो

नफा दिसला की लोभ म्हणायचं, हे मला मान्य नाही. कारखाना नफ्यावरच चालतो, आमचे पगार त्यातूनच निघाले. लोभ शोधायचा तो जिथे दुसरा विकणारा नाही तिथे.

अमेरिकेतलं प्रकरण यासाठी चांगलं आहे. तिथल्या संरक्षणखात्याच्या महानिरीक्षकांनी २०१९ मध्ये ट्रान्सडाइम या सुट्या भागांच्या कंपनीचे ४७ भाग तपासले. त्यातल्या ४६ भागांवर वाजवीपेक्षा जास्त नफा घेतलेला निघाला, एकूण १ कोटी ६१ लाख डॉलर. प्रतिनिधीगृहात सुनावणी झाली आणि कंपनीने तेवढे पैसे परत केले. यातली युक्ती साधी आहे. भाग बनवणारा एकच, ऑर्डर लहान, आणि अमुक रकमेच्या खालच्या ऑर्डरीला खर्चाचा तपशील द्यावा लागत नाही. मोठ्या विमानाच्या किमतीवर सगळ्यांची नजर असते. बोल्ट, पट्टे, झडपा यांच्या बिलाकडे कोणी बघत नाही.

आपल्याकडे याचं रूप थोडं वेगळं. संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांना वर्षानुवर्षं खर्च अधिक ठराविक नफा या हिशेबाने पैसे मिळत. असं असलं की खर्च वाढला तरी कोणाचं पोट दुखत नाही, कारण नफाही त्याबरोबर वाढतो. ४१ आयुध कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या. त्यांचे वार्षिक अहवाल आता कंपनीसारखे वाचता येतात. आणि परदेशी कंपन्यांनी विक्रीच्या बदल्यात भारतात काम द्यायचं, त्या 'ऑफसेट'चं काय झालं ते कॅगच्या २०२० च्या अहवालात आहे: २००५ ते मार्च २०१८ पर्यंत ४६ करार, ६६,४२७ कोटींची वचनं. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींचं काम व्हायला हवं होतं. ११,३९६ कोटींचं केल्याचा दावा झाला, आणि त्यातलंही निम्म्याहून कमी मान्य झालं. उद्घाटनाच्या दिवशीचा आकडा आणि पाच वर्षांनंतरचा आकडा शेजारी शेजारी ठेवायची सवय मला या अहवालाने लावली.

निविदांबद्दल एक गोष्ट मी हाताळलेल्या कागदांवरून सांगते. आमच्याकडे एका फिक्स्चरसाठी तीन कोटेशनं आली. नियमाप्रमाणे तीन, वेगवेगळ्या लेटरहेडवर, सगळ्यात कमी दरवाला एल-वन. फाइल नीट होती. पण तिन्हींत 'गॅल्व्हनाइज्ड' हा शब्द सारखाच चुकलेला होता, तिन्हींत रकमेआधी दोन मोकळ्या जागा सुटलेल्या होत्या, आणि तिन्ही कागदांची घडी एकाच जागी होती. एकाच टेबलावर तयार झालेले कागद. मी टिपण लिहिलं, ते वर गेलं, खरेदी झालीच. पण त्यानंतर 'तीन निविदा आल्या' या वाक्यावर माझं समाधान होत नाही. मी विचारते: तिघांचा पत्ता काय, संचालक कोण, दोघांत एखादं नाव सामाईक आहे का? कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं पाहता येतात.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेतलात तर चेअरमनचं पत्र सोडा. ऑडिटरचा अहवाल, 'संबंधित पक्षांशी व्यवहार' ही टीप आणि येणं किती थकलं आहे ते पाहा. राजकीय देणग्यांसाठी निवडणूक रोख्यांची यादी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये निवडणूक आयोगाने घेणारे व वटवणारे यांच्या याद्या क्रमांकासह जाहीर केल्या. कंपनीचं नाव शोधा, तारीख लिहा, कंत्राटाची तारीख शेजारी लिहा. तारखा जुळल्या म्हणजे लाच सिद्ध झाली असं नाही, आणि मी तसं कधी लिहीत नाही. पण मग पुढचा प्रश्न विचारायला जागा मिळते.

एक पथ्य मी कडक पाळते: वस्तू कशी आहे आणि व्यवहार कसा झाला, हे दोन प्रश्न वेगळ्या पानांवर लिहिते. बोफोर्स तोफांचा १,४३७ कोटींचा करार मार्च १९८६ मधला, दलालीची बातमी स्वीडिश रेडिओने एप्रिल १९८७ मध्ये फोडली. तीच तोफ १९९९ मध्ये कारगिलला उपयोगी पडली. तोफ चांगली निघाली म्हणून दलाली धुतली जात नाही. दलालीचा आरोप झाला म्हणून तोफही कुचकामी ठरत नाही.

सरकारचा शब्द

'अमुक ठिकाणी तपासून झालं आहे' असं सरकार म्हणालं, तर तो तपासणीचा कागद कुठे आहे ते विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१८ च्या राफेल निकालात असं छापलं गेलं, की किमतीचा कॅग अहवाल लोकलेखा समितीने पाहिला आहे. तोवर तसा अहवाल संसदेत आलेलाच नव्हता. सरकारने लगेच अर्ज करून ते वाक्य दुरुस्त करायला सांगितलं. अहवाल प्रत्यक्ष मांडला गेला १३ फेब्रुवारी २०१९ ला. त्यात करार आधीच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्के स्वस्त ठरवला होता, पण किमतीचे मूळ आकडे झाकलेले होते. टक्केवारी दिली आणि ज्यावरून ती काढली ते आकडे झाकले, तर वाचणाऱ्याने ताळा कसा करायचा? गुप्तता लागते हे मला कळतं. तरी ही जागा मला आजही खटकते, आणि मी ती खटकते असंच म्हणते; त्यापुढे जाऊन घोटाळा झाला असं म्हणायला माझ्याकडे कागद नाही.

संसदेतल्या उत्तरांत 'माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल' हे वाक्य दिसलं तर टिपून ठेवा. ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला शासकीय आश्वासन समिती असते. तुमच्या खासदाराला त्या आश्वासनाचं काय झालं हे पत्राने विचारता येतं.

माहिती अधिकाराचा अर्ज

शेवटी स्वतः मागायचं. २००५ चा कायदा, केंद्राकडे शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज ऑनलाइन करता येतो. 'का' असं विचारू नका. मत देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. 'अमुक खरेदीला उशीर का झाला?' याऐवजी असं लिहा: 'अमुक करारातील पुरवठ्याची मूळ मुदत, दिलेल्या मुदतवाढींचे आदेश आणि उशिराबद्दल आकारलेल्या दंडाची नोंद, यांच्या प्रती द्याव्यात.' एका अर्जात एकच विषय.

संरक्षणात नकार बहुधा कलम ८(१)(अ), म्हणजे सुरक्षेच्या कारणाने, किंवा ८(१)(ड), म्हणजे व्यापारी गुप्ततेच्या कारणाने येतो. विमानाच्या रडारची क्षमता मागितलीत तर नकार योग्यच आहे, मागूही नका. दंड किती वसूल झाला हे मागितल्यावर सुरक्षेचं कारण आलं तर सोडू नका. तीस दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्यात कलम ८(२) चा उल्लेख करा: जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि कलम १० प्रमाणे झाकायचा तेवढा भाग झाकून उरलेला कागद मागा. तिथेही नकार मिळाला तर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दोन्ही अपिलांना केंद्रात शुल्क नाही. अर्जाचा नोंदणी क्रमांक, नकाराच्या पत्राची तारीख आणि पाकीट जपून ठेवा; मुदत पत्र हातात पडल्यापासून मोजतात, आणि ती तारीख पाकिटावरच्या शिक्क्यावरून पटवता येते.